जायचं की राहायचं: तिबिरीनच्या मठाचं प्रकरण

डिसेंबर १९९३. अल्जीरियाच्या ॲटलास डोंगरात तिबिरीन नावाचं एक खेडं आहे. तिथल्या कॅथलिक मठात मूठभर फ्रेंच मठवासी मतदानाला बसले होते. विषय एकच होता, इथून जायचं की राहायचं. ‘जीआयए’ या हत्यारबंद इस्लामी गटानं परदेशी लोकांना १ डिसेंबरच्या आत देश सोडायला बजावलं होतं आणि ती मुदत उलटली होती. १४ डिसेंबरला मठापासून काही किलोमीटरवर १२ क्रोएशियन कामगारांचे गळे चिरण्यात आले. हे कामगार ख्रिस्ती होते आणि मठात त्यांचं येणं-जाणं होतं.

पुढचा शेवट बहुतेकांना ठाऊक असतो. १९९६ मध्ये या मठातल्या सात जणांना पळवून नेऊन मारलं गेलं. त्यामुळे ही गोष्ट नेहमी शेवटाकडून सुरुवातीकडे सांगितली जाते, जणू ते आधीपासून हौतात्म्याच्या वाटेवरच चालले होते. प्रकरण म्हणून पाहायचं तर तो शेवट थोडा बाजूला ठेवावा लागतो. १९९३ ते १९९६ या काळात त्या खोलीत काय बोलणं होत होतं, कोणते पर्याय समोर होते आणि गावानं काय सांगितलं, यातच खरं शिकण्यासारखं आहे.

मठ आणि त्याच्या डोक्यावरचं ओझं

हे मठवासी ट्रॅपिस्ट पंथाचे. अंधारात उठायचं, दिवसभरात ठरलेल्या वेळी सात वेळा प्रार्थना म्हणायची, मधल्या वेळात हातानं काम करायचं आणि शक्य तितकं गप्प राहायचं, असा त्यांचा दिनक्रम. शाळा काढणं, प्रवचनं देणं, धर्मांतर करणं हे त्यांचं काम नाही. शिवाय ते एक वेगळं व्रत घेतात. ज्या समूहात प्रवेश घेतला त्याच समूहात मरेपर्यंत राहायचं. बदली, बढती, नवं ठिकाण असलं काही नाही. पुढच्या सगळ्या चर्चेत हे व्रत मागे उभं आहे. ‘राहायचं’ हे त्यांच्यासाठी संकटात सुचलेलं धाडस नव्हतं. त्यांनी आयुष्यभरासाठी पत्करलेलं ते एकच काम होतं.

पण ट्रॅपिस्ट अल्जीरियात पोचले ते फ्रेंच सैन्याच्या पाठोपाठ. १८४३ साली वसाहतीच्या सरकारनं अल्जिअर्सजवळच्या स्तावेलीत त्यांना हजारावर हेक्टर जमीन दिली. ती आधी कोण कसत होतं आणि त्यांचं पुढे काय झालं, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. तो मठ १९०४ मध्ये बंद पडला. तिबिरीनचा मठ १९३८ चा, पण वारसा तोच. १९६२ साली आठ वर्षांच्या रक्तरंजित लढ्यानंतर अल्जीरिया स्वतंत्र झाला आणि युरोपियन वसाहतवाले लाखांच्या संख्येनं बोटी भरून निघून गेले. हे मठवासी मात्र मागे राहिले. यजमानाच्या घरात पाहुणा कसा राहील तसं आता राहायचं, असं त्यांनी ठरवलं.

हा बदल नुसता मनातला नव्हता. १९७६ मध्ये मठानं आपली बहुतेक जमीन सरकारला देऊन टाकली आणि सुमारे १२ हेक्टर ठेवली. तीही गावातल्या काही कुटुंबांबरोबर भागीत कसली जाई. भाजीपाला, फळं आणि मध हे उत्पन्न. १९८८ मध्ये गावाला नमाजासाठी जागा नव्हती म्हणून मठाच्या आवारातली एक खोली त्यांना दिली गेली. तेव्हापासून एकाच भिंतीच्या आत घंटाही वाजे आणि अजानही होई.

विहिरीच्या तळाशी

मठप्रमुख ख्रिस्तियान द शेर्जे. जन्म १९३७, घराणं लष्करी, वडील सेनेत जनरल. स्वातंत्र्यलढा चालू असताना, १९५९ च्या सुमारास, तरुण फ्रेंच अधिकारी म्हणून त्यांची नेमणूक तिआरेत भागात झाली. तिथे गावराखणीचं काम करणाऱ्या मोहम्मद नावाच्या माणसाशी त्यांची मैत्री जमली. दहा मुलांचा बाप, श्रद्धाळू मुसलमान, लिहिता-वाचता न येणारा. दोघं फिरत असताना एकदा बंडखोरांनी गाठलं. मोहम्मद मध्ये पडले आणि हा माझा मित्र आहे असं सांगून त्यांनी द शेर्जेंना वाचवलं. दुसऱ्या दिवशी मोहम्मदचं प्रेत त्यांच्याच विहिरीजवळ सापडलं. आपला जीव एका मुसलमानानं आपल्या जिवाच्या बदल्यात वाचवला, हे द शेर्जे शेवटपर्यंत सांगत राहिले. ते १९७१ मध्ये तिबिरीनला आले, मग रोमला जाऊन अरबी आणि इस्लामचा रीतसर अभ्यास करून परतले, आणि १९८४ मध्ये मठप्रमुख म्हणून निवडून आले.

मठातल्या इतरांना त्यांचं हे इस्लामचं वेड सुरुवातीला फारसं रुचलं नव्हतं. आपण शेतकरी-मठवासी, हा पंडित आपल्याला कुठे नेतोय, अशी कुरकुर होती. हे मुद्दाम सांगायला हवं. अशा गोष्टींत सगळे जण पहिल्या दिवसापासून एकदिलानं उभे असल्याचं चित्र रंगवलं जातं आणि मग ते कुणालाच आपल्या आवाक्यातलं वाटत नाही.

१९७९ मध्ये द शेर्जे आणि क्लोद रो या धर्मगुरूंनी एक लहानसा गट सुरू केला, ‘रिबात अस्-सलाम’, म्हणजे शांतीचा बंध. पुढच्याच वर्षी मेदेया शहरातले अलावी सूफी त्यात आले. त्यांनी आल्या आल्याच आपली अट सांगितली. धर्मसिद्धांतांवर आम्हाला वाद घालायचा नाही, तिथे माणसांनी उभारलेल्या भिंती फार आहेत. त्याऐवजी एकत्र प्रार्थना करू. मग गटाची रीत बसली. वर्षातून दोनदा भेटायचं, पुढच्या काही महिन्यांसाठी एक विषय ठरवायचा, ज्यानं त्यानं आपापल्या ग्रंथातून आणि जगण्यातून तो विषय धरून ठेवायचा, आणि पुढच्या भेटीत त्यातून काय हाती लागलं ते सांगायचं. ठराव नाही, संयुक्त निवेदन नाही, फोटो काढणं नाही.

याच काळातली एक गोष्ट द शेर्जे पुन्हा पुन्हा सांगत. गावातला एक तरुण मुसलमान प्रार्थनेविषयी बोलायला त्यांच्याकडे येई. मधे बरेच दिवस भेट झाली नाही, तेव्हा तो म्हणाला, “किती दिवसांत आपण आपली विहीर खणली नाही!” तेव्हापासून त्यांच्या बोलण्याला विहीर खणणं हेच नाव पडलं. एकदा द शेर्जेंनी गमतीनं विचारलं, “आपल्या विहिरीच्या तळाशी काय लागेल? मुसलमानी पाणी की ख्रिस्ती पाणी?” तो नाराज झाला. “इतके दिवस बरोबर चाललो आणि अजून हे विचारता? तिथे लागेल ते देवाचं पाणी.”

ज्या भाषेत चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला त्या भाषेत पाणी कोणाचं हा प्रश्न नुसतं रूपक म्हणून वाचता येत नाही. ते पाणी मिळण्यासाठी १९२७ साली महाडला माणसांना मार खावा लागला. म्हणून तिबिरीनची विहीर मला गोड वाटते ती संवादापुरती नाही. त्या संवादाच्या आधी मठानं जमीन सोडली होती आणि नंतर खोली दिली. हातातलं काही न सोडता केलेल्या सर्वधर्मसमभावाच्या सभा आपण भरपूर पाहिल्यात.

दवाखाना

गावाला मठ ठाऊक होता तो मात्र यातल्या कशामुळेच नाही. मठ म्हणजे ब्रदर ल्युक यांचा दवाखाना. ल्युक दोशिए, जन्म १९१४, शिकलेले डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतल्या छावणीत कैदी असलेल्या एका कुटुंबवत्सल डॉक्टरच्या जागी ते आपणहून गेले होते. १९४० च्या दशकात तिबिरीनला आले आणि पन्नासेक वर्षं तळमजल्यावरच्या एका खोलीत रोगी तपासत बसले. फी नाही. दम्यानं स्वतःलाच धाप लागायची. तरी पंचक्रोशीतून बायका मुलांना काखेत मारून पायी यायच्या आणि दाराबाहेर रांग लागायची. औषधाबरोबर जुने कपडे, चपला, कुणाला पत्र लिहून देणं, सरकारी कागद वाचून दाखवणं हेही चाले.

१९५९ साली स्वातंत्र्यसैनिकांनी ल्युकना पळवून नेलं होतं. हा गरिबांचा डॉक्टर आहे हे त्यांच्यातल्या कुणीतरी ओळखलं आणि काही दिवसांत त्यांना सोडून दिलं. म्हणजे पळवलं जाणं काय असतं हे त्यांना नव्वदच्या दशकातल्या युद्धाआधी तीसहून अधिक वर्षं माहीत होतं. तरी १९९३ नंतरही दवाखान्याचा नियम तोच राहिला. दारात येईल तो रोगी. तो कोणत्या बाजूचा हे विचारायचं नाही.

नाताळची रात्र

अल्जीरियात युद्ध का पेटलं, ते थोडक्यात. डिसेंबर १९९१ मध्ये निवडणुकीच्या पहिल्या फेरीत इस्लामी आघाडी जिंकली. जानेवारी १९९२ मध्ये लष्करानं दुसरी फेरीच रद्द केली. पुढची दहाएक वर्षं सरकारी फौजा आणि सशस्त्र गट यांच्यामध्ये सामान्य माणूस भरडला गेला. मृतांचा अंदाज दीड ते दोन लाख.

२४ डिसेंबर १९९३ च्या संध्याकाळी मठात नाताळच्या मिस्सेची, म्हणजे सामूहिक उपासनेची, तयारी चालू असताना हत्यारबंद माणसं आत शिरली. म्होरक्या सायाह अत्तिया. क्रोएशियन कामगारांच्या हत्येमागे त्याचाच हात असल्याचं सगळीकडे बोललं जात होतं. “इथला पोप कोण?” अशी विचारणा झाली. द शेर्जे पुढे आले आणि म्हणाले की या घरात आजवर कुणी शस्त्र घेऊन आलेलं नाही. बोलायचं तर शस्त्रं बाहेर ठेवा, नाहीतर आपणच बाहेर जाऊ. अत्तिया बंदूक सोडायला तयार नव्हता, म्हणून बोलणं फाटकाबाहेर थंडीत झालं.

मागण्या तीन होत्या. जखमींसाठी डॉक्टर डोंगरात पाठवा, औषधं द्या, पैसे द्या. द शेर्जेंनी एकेक उत्तर दिलं. डॉक्टर म्हातारे आहेत, दम्याचे रोगी आहेत, डोंगर चढू शकत नाहीत. पण दवाखान्यात जो येईल त्याला ते तपासतात आणि ज्याला लागेल त्याला औषध मिळतं. पैसे म्हणाल तर आम्ही कष्ट करून पोट भरणारी माणसं. अत्तिया म्हणाला, “तुमच्यापुढे दुसरा पर्याय नाही.” द शेर्जे म्हणाले, “आहे.” मग त्यांनी सांगितलं की आज आमच्याकडे सण आहे, ईसाचा, शांतीच्या राजपुत्राचा जन्म. अत्तियानं माफी मागितली, हे आपल्याला माहीत नव्हतं म्हणाला. परत येऊ असं बजावून तो गेला. त्या रात्रीची मिस्सा ठरल्याप्रमाणे झाली.

अत्तिया स्वतः परत आला नाही. पुढच्याच वर्षी तो मारला गेला. पण त्या रात्रीनंतर द शेर्जेंनी आपल्या प्रार्थनेचा जो हिशेब मांडला तो या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा ऐवज आहे. या माणसाला मार, असं देवाला म्हणता येत नाही. त्याला निःशस्त्र कर, असं म्हणता येईल. पण मग मनात आलं, त्याला निःशस्त्र कर म्हणायचा मला काय अधिकार, जर मी आधी ‘मला निःशस्त्र कर, आम्हाला निःशस्त्र कर’ असं म्हणत नसेन? ही त्यांची रोजची प्रार्थना झाली. मठातल्या भांडणांत, दुसऱ्याला कमी लेखण्यात, आपलंच खरं करण्यात जे शस्त्र असतं, तेही त्यात आलं.

मतदान

आता मुळाकडे येऊ. मठवासी हबकले होते. सेलेस्तँ रेंजार यांच्या हृदयाला त्या रात्रीनं असा धक्का दिला की त्यांना फ्रान्समध्ये नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली. ती झाल्यावर ते परत आले, हेही नोंदवायला हवं. नाताळनंतरच्या पहिल्या चर्चेत बहुतेकांचा कल निघण्याकडे होता. कारण उघड होतं. अत्तिया परत आला तर दोनच गोष्टी शक्य होत्या, त्याला मदत करायची किंवा मरायचं. मदत केली तर आपण खुनात सामील, आणि मरणाची हौस कुणालाच नव्हती.

मग दोन बाजूंनी म्हणणं आलं. अल्जिअर्सचे आर्चबिशप आंरी तेसिए यांनी आग्रह धरला की जायचंच असेल तर सगळे एकदम उठून जाऊ नका, त्याचा धक्का इतरांना बसेल. दुसरं म्हणणं शेजाऱ्यांचं. त्यांच्यातला एक जण द शेर्जेंना म्हणाला की तुम्हाला निसटायला अजून एक लहानसं दार आहे. आम्हाला ना वाट आहे, ना दार.

या एका वाक्यानं प्रश्न पालटला. तोवर प्रश्न होता, आपल्या जिवाला किती धोका आहे? आता तो झाला, ज्यांना पळता येत नाही त्यांच्याशी आपलं नातं काय? गावातले लोक दोन्हीकडून मार खात होते. रात्री डोंगरातली माणसं येऊन धान्य मागायची, दिवसा फौज येऊन धान्य का दिलंस म्हणून धरायची. परदेशी पासपोर्ट असलेल्यांनी सामान बांधणं म्हणजे गावाला सांगणं, की तुमचं तुम्ही बघा.

वर्षाअखेरीस मत फिरलं आणि राहायचं ठरलं. पण ते ‘काय वाट्टेल ते होवो’ असं नव्हतं, त्याला मर्यादा घालून घेतल्या होत्या. पैसे कुणालाच द्यायचे नाहीत. डॉक्टर डोंगरात जाणार नाहीत. दवाखाना सगळ्यांना खुला राहील. संध्याकाळपासून सकाळपर्यंत फाटक बंद. निघायची पाळीच आली तर फ्रान्सला न जाता मोरोक्कोतल्या फेसच्या शाखेत जायचं, म्हणजे परतता येईल. हा निर्णय एकदाच घेऊन कुलूपबंद केला नाही. पुढच्या दोन वर्षांत चर्चकडे काम करणारं कुणी मारलं गेलं की ते पुन्हा बसत, पुन्हा विचारत. मे १९९४ मध्ये अल्जिअर्सच्या कसबा या जुन्या वस्तीतल्या ग्रंथालयात दोघांना मारलं, ऑक्टोबरमध्ये दोन स्पॅनिश सिस्टरांना, डिसेंबरमध्ये तिझी उझूला चार धर्मगुरूंना, १९९५ मध्ये आणखी तिघी सिस्टरांना. यातले काही जण ‘रिबात’मध्ये येणारे होते. दरवेळी उत्तर तेच आलं, पण प्रश्न दरवेळी नव्यानं विचारला गेला.

डोंगरातले भाऊ, सपाटीवरचे भाऊ

मेदेयाच्या वालीनं, म्हणजे प्रांताच्या प्रशासकानं, मठाला सशस्त्र पहारा देऊ केला. मठानं नाही म्हटलं. सरकारला हे उर्मट वाटलं असेल तर नवल नाही. परदेशी नागरिक मेले तर जगभर नाचक्की सरकारची होणार होती. पण आवारात सैनिक उभे राहिले असते तर दवाखान्याच्या रांगेत कोण उभं राहिलं असतं? गावातल्या माणसानं मठात पाऊल टाकणंही मग एका बाजूला जाणं ठरलं असतं.

मठात बोलताना बंडखोरांना ‘डोंगरातले भाऊ’ आणि लष्कराला ‘सपाटीवरचे भाऊ’ म्हणायची पद्धत पडली. फोनवर बोलताना ती सांकेतिक भाषा म्हणूनही कामी येई, पण नाव ठेवण्यामागे हेतू होता. दोन्ही गट माणसं मारत होते आणि दोघांनाही भाऊच म्हणायचं होतं. हे ऐकायला उदात्त वाटतं. व्यवहारात त्याची किंमत मोठी होती. ल्युक डोंगरातल्या जखमींना मलमपट्टी करतात हे लष्कराला कळत होतं आणि खुपत होतं. दुसरीकडे, मठ पैसे आणि डॉक्टर देत नाही हे सशस्त्र गटांना खुपत होतं.

इथे एक आक्षेप रास्त आहे आणि तो मी टाळणार नाही. कालच शेजारच्या गावातल्या पोरांना मारून आलेल्या माणसाची जखम बांधायची, त्याला भाऊ म्हणायचं, म्हणजे मारल्या गेलेल्या पोरांच्या आयांना काय सांगायचं? ऑरानचे बिशप पिएर क्लावरी यांची वाट वेगळी होती. हिंसेविरुद्ध, दडपशाहीविरुद्ध ते उघडपणे बोलत आणि लिहीत. त्याच चर्चमधल्या सान्त एजिदिओ या रोमच्या संस्थेनं तिसरीच वाट धरली. मोझांबिकमधलं युद्ध १९९२ मध्ये मिटवण्यात तिचा वाटा होता. त्या अनुभवावर तिनं जानेवारी १९९५ मध्ये अल्जीरियातल्या विरोधी पक्षांना रोममध्ये एकत्र बसवून एक मसुदा मान्य करून घेतला. अल्जीरियाच्या सरकारनं तो झिडकारला. तिबिरीन यांपैकी काहीच करत नव्हतं. मध्यस्थी नाही, निषेधपत्रक नाही. त्यांच्या साक्षीचा सगळा अर्थ तिथे असण्यात होता, आणि असण्याला मर्यादा असतात.

मार्च १९९६

२६-२७ मार्चच्या रात्री, सव्वाच्या सुमाराला, वीसेक हत्यारबंद माणसं आली. मठात त्या रात्री नऊ मठवासी होते. फेसच्या शाखेचे ब्रुनो मठप्रमुखाच्या निवडणुकीसाठी आलेले होते. शिवाय पाहुण्यांच्या खोल्यांत ‘रिबात’च्या बैठकीसाठी आलेली मंडळी झोपली होती. आलेल्यांनी राखणदाराला विचारलं, “ते सात आहेत ना?” तो म्हणाला, “तुम्ही म्हणता तसंच.” त्यांनी सात मोजले आणि नेले. झ्यां-पिएर आणि आमेदे हे दोघं आपापल्या खोल्यांत वाचले. पाहुण्यांकडे कुणी फिरकलं नाही. फोनची तार कापलेली होती.

एप्रिलमध्ये जीआयएच्या जमाल झितुनीच्या सहीचं पत्रक आलं. त्यात तुरुंगातल्या एका साथीदाराच्या सुटकेची मागणी होती. २१ मे रोजी सातही जणांचे गळे चिरल्याचं दुसरं पत्रक निघालं. ३० मे रोजी मेदेयाजवळ फक्त शिरं सापडली. धडं आजतागायत मिळालेली नाहीत. शवपेट्या उघडायचा आग्रह ट्रॅपिस्ट पंथाच्या वरिष्ठ प्रतिनिधीनं धरला नसता तर हेही बाहेर आलं नसतं. ४ जूनला तिबिरीनच्या आवारात दफन झालं. खड्डे गावातल्या तरुणांनी खणले.

कुणी मारलं, याचं निर्विवाद उत्तर आजही नाही. फ्रान्समध्ये २००४ पासून न्यायालयीन तपास चालू झाला. अल्जीरियातल्या फ्रेंच दूतावासात तेव्हा लष्करी प्रतिनिधी असलेल्या एका जनरलनं २००९ मध्ये साक्ष दिली की लष्कराच्या हेलिकॉप्टरमधून चुकून झालेल्या गोळीबारात ते मेले असं त्याच्या कानावर आलं होतं. २०१४ मध्ये शिरं उकरून तपासली गेली आणि शिरच्छेद मृत्यूनंतरचा असावा, मृत्यू पत्रकातल्या तारखेच्या आधीचा असावा, असा तज्ज्ञांचा कल दिसला. दुसरीकडे अल्जीरियात २००५ च्या सार्वमतानंतर ‘राष्ट्रीय समेटा’चे जे कायदे आले, त्यांनी त्या दशकातल्या जवळजवळ सगळ्याच गुन्ह्यांवर झाकण घातलं. समेट आणि सत्य यांची ही फारकत तिबिरीनपुरती नाही. हजारो अल्जीरियन कुटुंबांना आपला माणूस कुठे पुरला हेसुद्धा माहीत नाही.

मग साधलं काय?

युद्ध थांबलं नाही. १९९७ हे तर कत्तलींचं सगळ्यात भीषण वर्ष ठरलं. १ ऑगस्ट १९९६ रोजी बिशप क्लावरी आणि त्यांचा तरुण मुसलमान चालक मोहम्मद बुशिखी एकाच बॉम्बस्फोटात गेले. शांतीसाठी दिलेल्या साक्षीचं यश युद्धविरामात मोजायचं असेल तर इथे हाती शून्य लागतं.

पण द शेर्जेंनी मागे एक पत्र ठेवलं होतं. १ डिसेंबर १९९३ आणि १ जानेवारी १९९४ अशा दोन तारखा त्यावर आहेत, म्हणजे नाताळच्या त्या रात्रीच्या आधीची आणि नंतरची. घरच्यांनी ते मे १९९६ च्या शेवटी उघडलं. त्यात ते लिहितात की असं मरण मी मागू शकत नाही. ज्या लोकांवर माझं प्रेम आहे त्यांच्यावरच माझ्या खुनाचा आरोप सरसकट येणार असेल, तर त्यात मला आनंद कसा वाटेल? हौतात्म्याची कृपा कुणा अल्जीरियन माणसाच्या माथी मारून मिळत असेल तर ती फार महाग पडते. माझ्या जिवाची किंमत दुसऱ्या कुणाच्या जिवाहून जास्त नाही, कमीही नाही. माझं मरण त्या असंख्य बेनाम, बेदखल राहिलेल्या हिंसक मृत्यूंच्या जोडीला ठेवून बघा. आणि शेवटी आपल्या मारेकऱ्याला ‘अखेरच्या क्षणाचा मित्र’ म्हणून त्याचेही आभार. देवाची इच्छा असेल तर आपण दोघं स्वर्गात दोन सुखी चोरांसारखे भेटू (येशूबरोबर क्रुसावर चढवलेल्या चोरांचा हा संदर्भ). पत्र संपतं ते ‘आमेन’ आणि ‘इन्शाअल्ला’ या दोन शब्दांनी.

हे पत्र अल्जीरियातही वाचलं गेलं. मारेकरी धर्माचं नाव घेत असताना, आपल्या धर्माची बदनामी होऊ नये म्हणून मरणाराच आधी काळजी घेऊन गेला, हे तिथल्या सामान्य मुसलमानांना फार लागलं. आर्चबिशप तेसिए यांच्याकडे त्यांची पत्रं आली. आपण ते पत्र मुलांना वाचून दाखवल्याचं एका आईनं कळवलं.

बेनाम मृत्यूंविषयीची त्यांची विनंती मात्र जगानं अर्धीच ऐकली. तिबिरीनवर पुस्तकं निघाली, सिनेमा आला. हिंसेला फतव्याचा आधार द्यायचं नाकारल्याबद्दल मारल्या गेलेल्या शंभराहून अधिक इमामांविषयी बाहेर फारसं कुणी बोलत नाही. त्यांनाही पर्याय दिला गेला होता, त्यांनीही ‘नाही’ म्हटलं होतं, आणि त्यांच्याकडे मोरोक्कोला जायची सोय नव्हती. ८ डिसेंबर २०१८ रोजी ऑरानमध्ये सात मठवासी, क्लावरी आणि इतर अशा १९ जणांना चर्चनं ‘धन्य’ (संतपदाआधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा त्या इमामांचीही आठवण मशिदीत काढली गेली, एवढं बरं झालं. मोहम्मद बुशिखीचं नाव मात्र त्या १९ मध्ये नाही. नियमानं ते बसणारच नाही, हे मला कळतं. तरी क्लावरींबरोबर मरणाऱ्याचा वेगळा हिशेब ठेवणं या सगळ्या प्रकरणाशी विसंगत वाटतं.

वाचलेले दोघे मोरोक्कोत गेले आणि तिथला समूह पुढे मिदेल्त इथे स्थिरावला. आमेदे २००८ मध्ये वारले, झ्यां-पिएर नोव्हेंबर २०२१ मध्ये, ९७ व्या वर्षी. तिबिरीनमध्ये ट्रॅपिस्ट पुन्हा राहायला आले नाहीत. २००१ पासून पंधराएक वर्षं एका फ्रेंच धर्मगुरूनं गावातल्या दोघा जणांना बरोबर घेऊन शेत आणि फळबाग चालवली, आणि २०१६ पासून दुसरा एक ख्रिस्ती समूह तिथे राहतो. भेटायला येणारे बहुतेक जण अल्जीरियन मुसलमान असतात. कबरींपाशी उभे राहतात, ल्युकच्या दवाखान्याविषयी विचारतात आणि जाताना सफरचंदाचा मुरंबा विकत घेतात. परदेशी पाहुणा असेल तर त्याच्या गाडीपुढे सरकारी सशस्त्र पहारा असतो, आणि तो नाकारायची सोय नाही.